आयडलिंग बिघडलंय? ईसीयूला शेवटी हात लावा
गाडी उभी असताना इंजिन एकसारखं चालत नसेल तर घाबरू नका, कारण घरी शोधता येतं. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलायची घाई मात्र नको. बहुतेक वेळा दोष बाहेरच असतो.

आधी बॅटरीचं व्होल्टेज: इंजिन बंद असताना साधारण १२.६, चालू असताना १३.८ ते १४.५. मग अर्थिंगची टोकं साफ करून घट्ट करा.

मॉडिफाय केलेल्या गाडीत माझा पहिला संशय व्हॅक्यूम लीकवर. इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बदलताना एखादा होज, म्हणजे रबरी नळी, निसटतो, किंवा गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, नीट बसत नाही. तिथून ईसीयूच्या हिशोबाबाहेरची हवा शिरते आणि आरपीएम वर-खाली होत राहतो. इंजिन थंड असताना प्रत्येक होज हाताने चाचपा.

थ्रॉटलचा (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू फिरवून आयडल वाढवू नका. नवखे हमखास हेच करतात आणि मूळ दोष झाकला जातो. एका वेळी एकच बदल, तोही लिहून ठेवा. मॅपिंगचं, म्हणजे ईसीयूतल्या सेटिंगचं, नंतर बघू.