एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी (भराभर फटकाऱ्यांत प्रकाश आणि रोजचं जग टिपणाऱ्यांनी) धुणं, इस्त्री, मूल सांभाळणं असली रोजची कामं का रंगवली?

कारण त्यांना डोळ्यांसमोरचं आयुष्य रंगवायचं होतं, देवदेवता आणि लढाया नव्हे. पॅरिसमध्ये तेव्हा इस्त्रीची दुकानं गल्लोगल्ली होती. त्यांच्यातल्याच एदगार देगाने तो विषय वर्षानुवर्षं सोडला नाही. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं त्याचं इस्त्रीवाल्यांचं चित्र (साधारण 1884-86) जरूर बघा. एक बाई दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून इस्त्री दाबतेय. शेजारची हातात बाटली धरून तोंड भरून जांभई देतेय. इतका खरा थकवा मी फार थोड्या चित्रांत पाहिलाय.

पण माझ्या मते सगळ्यात धीट चित्र बर्थ मोरिझो या इम्प्रेशनिस्ट चित्रकर्तीचं, 1879 मधलं. हिरवळीवर बसलेली दाई बाळाला अंगावर पाजतेय. बाळ म्हणजे मोरिझोचीच मुलगी ज्युली. वरवर आई-लेकराचं चित्र वाटतं, पण ही बाई पगारावर काम करतेय आणि समोर बसून तिला रंगवणारी बाळाची खरी आई, तीही आपलं कामच करतेय! दाईचे कपडे, गवत, बाळ, सगळं भराभर मारलेल्या फटकाऱ्यांत एकमेकांत मिसळून गेलंय.

बाहेरचे कॅफे-बार पुरुष चित्रकारांना सहज खुले होते. मोरिझोसारख्या घरंदाज बाईला एकटीने तिथे बसणं शक्य नव्हतं. म्हणून घर-अंगण हाच तिचा मुख्य विषय झाला.