हिमनदी बघायला निघालेल्या तालमीतल्या गड्यास

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात दीड दिवसात उरकलीस, शाब्बास. आता हिमालयात जाऊन हिमनदी बघायची आहे, कुठला ट्रेक मारू म्हणून विचारतोस. ते सांगतोच, पण आधी तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "काका, आपल्या स्टॅमिनाचा नाद करायचा न्हाई, त्याची काळजी सोडा." मला काळजी नेमकी त्याचीच वाटते.

विरळ हवेला जोर-बैठका कळत नाहीत. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही साठ टक्केच. याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात आणि तालमीत घासलेल्या अंगाला त्यात काही सूट नाही. ज्याला लवकर दम लागतो तो बिचारा आपोआप हळू चालतो, बसतो, मुक्काम करतो. तू मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढं पोचशील, रात्री डोकं धरून बसशील आणि सकाळी "काय न्हाई, जरा दुखतंय" म्हणत आणखी वर निघशील. मोठ्या उंचीवर धडधाकट पोरं अडचणीत येतात ती अशीच.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, झोप न येणं, ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात. असं झालं की आहे तिथंच थांबायचं, बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर नाही. बसल्याजागी धाप लागायला लागली, खोकल्यातून फेस आला, सरळ रेषेत चालता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी सोबतीनं खाली उतरवायचं. तीन हजार मीटरच्या वर गेलास की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसता बसून काढायचा. तुला हा बसायचा दिवस सगळ्यात जड जाणार, मला माहीत आहे.

आता कुठं जायचं ते. तू केदारकंठाचं नाव काढलंस. सुंदर जागा आहे, पण तिथं हिमनदी नाही, हिवाळ्यात पडलेला बर्फ आहे. उन्हाळ्यात तो वितळतो आणि खाली गवत निघतं. हिमनदीत वर्षानुवर्षं साठलेला बर्फ स्वतःच्या वजनानं दाबला जाऊन घट्ट होतो आणि उतारावरून सावकाश सरकत राहतो. ती बघायची तर पहिल्यांदा गोमुखाला जा. गंगोत्री हिमनदी साधारण तीस किलोमीटर लांब आहे आणि तिच्या तोंडापर्यंत साध्या पायवाटेनं जाता येतं. दोर लागत नाही, बर्फात खिळ्यांचे बूट लागत नाहीत. गंगोत्रीपासून गोमुख अठरा किलोमीटर, वाटेत चिरबासा आणि भोजबासा.

मुक्काम असे धर. उत्तरकाशीला एक रात्र, हर्षिलला दोन, गंगोत्रीला दोन, मग भोजबासा. गंगोत्री एकतीसशे मीटरच्या आसपास आणि भोजबासा जवळपास अडतीसशे. एका दिवसात झेप मोठी होते, म्हणून खालच्या दोन-दोन रात्री कापायच्या नाहीत. तुझे मित्र रजा कमी आहे म्हणतील, तर त्यांना दुसरीकडं पाठव. हर्षिलचा राजमा-भात पोटभर खा. गंगोत्री तीर्थक्षेत्र आहे, तिथं तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढून उगाच जीव जाळू नकोस.

गोमुखाला रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, दिवसाला दीडशे. वनखात्याची परवानगी आधी काढ, मग बाकीचं ठरव. चिरबासाच्या पुढं काही ठिकाणी वरून दगड येतात, विशेषतः दुपारी ऊन आणि वारा वाढला की. म्हणून उजाडताच निघायचं आणि त्या पट्ट्यात फोटोला थांबायचं नाही. मोबाईलमध्ये मान घालून चालणाऱ्याला तिथं मी सोबत घेत नाही.

गोमुख पहिल्यांदा बघणाऱ्यांपैकी बरेचजण हिरमुसतात. मनात पांढरीशुभ्र, चकाकती नदी असते आणि समोर दिसतो राखाडी दगडधोंड्यांचा ढिगारा. बाजूच्या कड्यांवरून पडलेला चुरा वर्षानुवर्षं अंगावर घेत हिमनदी खाली येते, बर्फ त्याच्या खाली असतो. चुऱ्याचा थर जाड असेल तर खालच्या बर्फाला ऊन लागत नाही आणि तो सावकाश वितळतो, पातळ असेल तर दगड तापून उलट लवकर वितळतो. म्हणून पाठ उंचसखल, मध्येमध्ये खड्डे. खरा बर्फ बघायचा तर तोंडाशी बघ. उभा तुटलेला कडा, मळकट, कुठं निळसर, त्यात अडकलेले धोंडे. दहा-अकरा वाजता ऊन तापलं की वरून थेंब गळायला लागतात, मग बारीक खडे घरंगळतात, आणि मध्येच एखादा धोंडा सुटून पाण्यात धाडकन पडतो. तास दोन तास तिथं बस, पण लांबून. लोक गंगाजलाची बाटली भरायला अगदी कड्याखाली जातात. ढासळणारा बर्फ सूचना देऊन पडत नाही.

पाणी हवंच असेल तर खाली भोजबासाकडं भर. दुधात राख कालवावी तसं दिसेल. बाटली रात्रभर हलवू नकोस, सकाळी तळाशी बोटाला पिठासारखा लागणारा गाळ बसलेला असेल. हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडून इतका बारीक करते. मागं वळून भागीरथीची शिखरं आणि शिवलिंग (6,543 मीटर) बघ, ती काही लपत नाहीत. पण ती बाटली चुकवू नकोस.

गोमुखाच्या वरचं तपोवन यंदा नको. ती वाट हिमनदीच्या अंगावरून जाते, दरवर्षी बदलते, बर्फाखाली भेगा असतात. स्थानिक वाटाड्या आणि पाठीशी अनुभव असल्याशिवाय तिकडं फिरकायचं नाही. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं 2022 मध्ये एव्हरेस्ट केल्यापासून आपल्याकडं शिखराची स्वप्नं बघणारी पोरं वाढली, चांगलं आहे. तुलाही चढायचंच असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स कर. दोर, बर्फाची कुऱ्हाड, भेगेतून माणूस बाहेर काढणं, हे यूट्यूबवर शिकायचं काम नव्हे.

पावसाळ्यात जायचं नाव काढू नकोस. आपल्या पंचगंगेचा पूर आपण राजाराम बंधाऱ्याच्या फुटांवर मोजतो, 39 ला इशारा, 43 ला धोका, तोवर माणसं-जनावरं हलवायला वेळ मिळतो. 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीत खीरगाड ओढ्याचा लोंढा मिनिटांत गावात शिरला आणि घरं-हॉटेलं गाडली गेली. त्यामुळं मे-जून, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मी असतो तर ऑक्टोबर धरला असता, गर्दी कमी आणि आकाश धुतल्यासारखं. थंडी मात्र झोंबते. आणि ओढ्याच्या अगदी काठावरची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही.

तयारी म्हणून जोतिबाचा डोंगर पुरे. पाठीवर दहा किलो घेऊन चढ, पण शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. बोलताना अडखळलास की वेग कमी कर. उतरताना पळायचं नाही, गुडघे तिथंच जातात. नवे बूट इथंच चालून मऊ कर. सुती बनियन घामानं भिजून थंड पडतं, ते घरीच ठेव. काळा चष्मा चांगला घे.

डॉक्टरांना डायमॉक्सबद्दल, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचारून ये, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांग. वर असताना दारू नाही, झोपेची गोळी नाही. भोजबासाला फोन लागेल याच्या भरवशावर राहू नकोस, हे आईला निघायच्या आधीच नीट समजावून सांग, नाहीतर ती मला फोन करत बसेल. तारखा ठरल्या की कळव, मुक्कामांची यादी एकदा माझ्या नजरेखालून जाऊ दे.

तुझा,
काका