मकर म्हणजे मगर, मग राशीच्या चित्रात बोकड कुठून आला?

विचारलेला प्रश्न असा: मकर म्हणजे मगर, मग दिनदर्शिकेवर मकर राशीला शिंगं आणि माशाची शेपटी का? चित्र चुकलंय का?

चित्र बरोबर आहे. 'मगर' हा शब्द 'मकर'वरूनच आला, पण संस्कृतातला मकर म्हणजे निव्वळ मगर नव्हे. देवळांवरची मकरतोरणं पाहा: सोंडेसारखं वर वळलेलं नाक, वासलेला जबडा, मागे फुलोऱ्यासारखी शेपटी. गंगेचं वाहन मकरच आणि मदनाच्या ध्वजावरही तोच. विठोबाची मकरकुंडलं तर सरळ माशाच्या आकाराची.

शिंगं आली बाबिलोनहून. पुढून शेळी, मागून मासा असा प्राणी तिथे ईआ या जलदेवाचं चिन्ह होता. ग्रीकांनी त्याला कथा जोडली: टायफॉन या अक्राळविक्राळ दैत्याच्या भीतीने पॅन या अर्ध्या बोकडाच्या रूपातल्या देवाने नदीत उडी घेतली, पाण्यातला भाग मासा झाला, वरचा बोकडच राहिला. त्यांनी नाव दिलं 'आयगोकेरोस', म्हणजे बोकडशिंग्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात हेच नाव 'आकोकेर' या रूपात सापडतं. आणि त्याच ग्रंथात राशींची रूपं सांगताना त्याने मकरासाठी दोनच शब्द वापरलेत: 'मकरो मृगास्यः', मृगाचं तोंड असलेला मकर. मला हे शब्द फार मोलाचे वाटतात. धड आपल्या मकराचं, तोंड मात्र चौपायाचं! जुन्या ज्योतिषग्रंथांत या राशीला नुसतं 'मृग'ही म्हणतात; मृग नक्षत्राशी त्याचा संबंध नाही.

आकाशात हा समूह शोधायला चिकाटी लागते. राशीचक्रातला हा आकाराने सर्वांत लहान. सप्टेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास श्रवणाच्या ठळक ताऱ्याखाली दक्षिणेला मंद ताऱ्यांचा त्रिकोण दिसतो. सर्वांत तेजस्वी तारा देनेब अल्गेदी (अरबीत 'करडाची शेपटी'), तोही जेमतेम 2.8 प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद).

एक घोळ इथेच निस्तरू. मकर राशीत उत्तराषाढाचे तीन चरण, श्रवण आणि धनिष्ठाचे दोन चरण मोजतात, पण या नक्षत्रांचे तारे मकर तारकासमूहात नाहीतच. श्रवण तर गरुडात आहे. रास हा 30 अंशांचा हिशेबी भाग, तारकासमूह वेगळा. मकरवृत्ताचं नावही जुन्या काळचं: दोनेक हजार वर्षांपूर्वी दक्षिणेच्या टोकाला पोचलेला सूर्य मकरात असे. परांचनगतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ डोलत असल्यामुळे, आता 22 डिसेंबरच्या सुमारास तो धनु तारकासमूहात असतो.