फोटो माझा, मग परवानगी कुणाची?

प्रश्न: मी फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. एका कंपनीसाठी शूट केलं, पेमेंटही मिळालं. आता ते म्हणतात फोटो आमचे, पोर्टफोलिओतही टाकायचे नाहीत. त्यातलाच मॉडेलचा एक फोटो स्टॉक एजन्सीला (म्हणजे तयार फोटो कुणालाही वापरायला विकणाऱ्या संस्थेला) द्यायला गेलो तर ते रिलीज मागतायत. फोटो मी काढला आणि परवानगी मीच आणायची?

उत्तर: हो, आणायची. कॉपीराइट म्हणजे फोटोवरचा हक्क आणि मॉडेल रिलीज म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी संमती, एक असलं म्हणजे दुसरं आपोआप येत नाही.

आधी कॉपीराइट. बर्न करारातल्या (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत शटर दाबलं की हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण तो कुणाचा हे देशावर ठरतं, आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. भारतात १९५७ च्या कायद्याचं कलम १७ असं म्हणतं की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा. म्हणजे तुमची कंपनी बरोबरही असू शकते! ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने फ्रीलान्सरचा फोटो फ्रीलान्सरचाच, अमेरिकेतही सहसा तसंच, पण पगारी नोकरीत काढलेले फोटो तिकडेही मालकाचेच. म्हणून आधी तुमचा करार काढून वाचा. करार नाहीच, फक्त मेलवर 'ओके, डन' आहे? मग भारतात तुमची बाजू लंगडी.

एक लक्षात घ्या, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) देणं म्हणजे कॉपीराइट देणं नव्हे. भारतात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात. त्यामुळे पुढच्या वेळी हक्क स्वतःकडे राहतील असं लिहून घ्या आणि क्लायंटला लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी, द्या: कशासाठी, किती वर्षं, कुठे. आणि 'फोटोग्राफर पोर्टफोलिओत वापरू शकेल' हे एक वाक्य घाला, बहुतेक क्लायंट त्यावर भांडत नाहीत.

आता रिलीज. बातमीत वापर असेल तर सहसा लागत नाही, जाहिरातीत चेहरा वापरायचा तर लागतोच, आणि स्टॉक एजन्सीला पुढे कोण कशासाठी घेईल माहीत नसतं म्हणून त्या मागतात. तुमच्या केसमध्ये मॉडेलने सही केली असेलही, पण कुणाच्या नावे? बहुतेक वेळा तो कागद क्लायंटच्या नावे असतो, तुमचं नावच नसतं, मग तो तुमच्या काय कामाचा! मॉडेलला वेगळा फॉर्म द्या: शूटची तारीख, कोणते फोटो, कुठे वापरणार, मोबदला काय, सही. मॉडेल अल्पवयीन असेल तर पालकाची सही हवी. ही सही शूट चालू असतानाच घ्या, नंतर मॉडेल फोन उचलत नाही हा माझा अनुभव आहे. आणि हो, मॉडेलने सही दिली तरी कॉपीराइट कंपनीचा निघाला तर स्टॉकला द्यायला कंपनीचीही परवानगी लागेल, तेव्हा कंपनीशी आधी बोला.