पाळीच्या आधीचे चार दिवस

‘मावशी, मी १५ वर्षांची, दहावीत आहे. पाळीच्या आधी चार-पाच दिवस मी मी राहतच नाही. पोट फुगतं, छाती दुखते, कोचिंगमध्ये उगाच रडू येतं. या वेळी आईने माझा फोन तपासला म्हणून ताट भिरकावलं. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, मग लाज वाटते. आजी म्हणते, नखरे आहेत. आई म्हणते, हार्मोनची टेस्ट करू. मैत्रिणीने व्हिटॅमिन बी-६च्या गोळ्या दिल्यात, घेऊ का? काल पाळी आली.’
– एक वाचक, रामबाग, इंदूर

गोळ्या परत कर. टेस्टही तूर्त नको. आधी एक वही कर.

तू लिहितेस ते पीएमएससारखं, म्हणजे पाळीआधी होणाऱ्या नेहमीच्या त्रासासारखं दिसतं, पण ते ठरतं तारखांवरून. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत पीएमएस दिसत नाही, कारण हार्मोन कमी-जास्त झालेले नसतातच. बीजकोशातून अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढतं आणि पाळीच्या तोंडावर उतरतं. हे प्रत्येकीत होतं; काहींच्या मेंदूला ही चढउतार जास्त बाधते, एवढंच. तुझ्या वयात दर महिन्याला अंडं सुटेलच असं नाही. त्यामुळे एखादा महिना कोरा जातो आणि आजीला वाटतं, गेल्या महिन्यात बरी होती, मग आताच काय झालं?

वहीत पाचच रकाने आख: चिडचिड, रडू, पोट फुगणं, छाती दुखणं, झोप. रोज रात्री प्रत्येकाला ० ते ३ आकडा दे. ० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे शाळा-अभ्यास अडला. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. नुसता डाग मोजू नकोस. बहुतेक मुली आठवडाभराचं एकदम, आठवून भरतात आणि तिथेच वही फसते, कारण भांडण झालेला दिवस लक्षात राहतो, साधा दिवस राहत नाही. दोन-तीन पाळ्या झाल्या की पाळीआधीचा आठवडा आणि पाळीच्या सहाव्या ते बाराव्या दिवसापर्यंतचा आठवडा शेजारी ठेवून बघ. पहिल्यात २-३ आणि दुसऱ्यात जवळपास ० असेल, तर पीएमएस. दोन्हीकडे सारखेच आकडे असतील, तर कारण वेगळं: रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, मन उदास असेल. तेव्हा मात्र वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तपासणी तेव्हा कामाची.

खाण्याचं थोडं. सकाळी सातला पोहे आणि मग थेट दोनला जेवण, असं पाळीआधीच्या आठवड्यात करू नकोस. दर तीन-चार तासांनी काहीतरी खा, उपाशीपोटी राग लवकर चढतो. पोहे खुशाल खा, पण वरची शेव आणि जिरावण मसाला निम्मा कर. दोन्हींत मीठ भरपूर आणि मिठाने अंगात पाणी धरून राहतं. (शेवेशिवाय पोहे खा असं इंदुरात सांगायची माझी हिंमत नाही.) कॅल्शियमने पीएमएस सौम्य होतं, पण दोन-तीन महिने सलग पोटात गेलं तरच. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. २५० मिलीच्या पेलाभर दुधात ३००च्या आसपास असतं. दोन पेले दूध, वाटीभर दही, तिळाची चटणी, पालेभाजी असं जमव. शाळेतून लोहाची गोळी मिळत असेल, तर ती दूध-चहाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाही. रोज अर्धा तास भरभर चाल, आठ तास तरी झोप. त्या आठवड्यात रात्री सराफा बाजारात खायला जाणं नको.

बी-६ जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं, तर नसांना इजा होऊन हातपाय बधिर होतात. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

आता ताटाचं. फोन तपासल्याचा राग खोटा नव्हता. तो तुला महिनाभर येतच असणार, त्या दिवशी फक्त आवरला नाही. म्हणून पीएमएसच्या नावावर तो विषय सोडू नकोस आणि ताट भिरकावणं त्याच्या नावावर खपवूही नकोस. ताटाबद्दल आईची माफी आजच माग. फोनचं मात्र पाळी संपल्यावर, आठव्या-नवव्या दिवशी काढ. तेव्हाच तिला वहीही दाखव. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीआधीच्या आठवड्याला एक टिंब दे. आईला कळेल, आजीला विचारायचं तर विचारू दे.

दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर वही पुरी व्हायची वाट न बघता डॉक्टर गाठ. तीव्र प्रकारावर औषधं आहेत. आणि ‘जगायलाच नको’ असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी आईला सांग किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.

पत्रात ‘काल पाळी आली’ लिहिलंस, म्हणजे पहिल्या दिवसाची तारीख तुझ्याकडे आहेच. वहीच्या पहिल्या ओळीवर ती टाक.