सीएफए लेव्हल थ्री करतोयस तर लिहायला आत्ताच लाग

भाऊ, सीएफएची, म्हणजे गुंतवणूक क्षेत्रातल्या त्या तीन टप्प्यांच्या परीक्षेची, लेव्हल टू निघाली ना, म्हणजे अभ्यास तुला जमते, तो प्रश्नच नाही. पण सीएफए लेव्हल थ्रीत जवळपास अर्धा पेपर स्वतः उत्तर टाइप करायचा राहते, पर्याय नाहीत, अन् चांगले चांगले पोरं तिथंच अडकतात कारण वाचलेलं भरपूर असते पण लिहून पाहिलेलं काहीच नसते. प्रश्नातलं क्रियापद आधी पाहा. कॅल्क्युलेट म्हटलं तर पायऱ्या दाखव, जस्टिफाय म्हटलं तर केसमधल्याच क्लायंटची गरज नाहीतर आकडा धरून कारण दे, निबंध नको, अन् दोन कारणं मागितली तर दोनच लिही, पुढचं तपासत नाहीत. कोरं मात्र काही सोडू नको, निगेटिव्ह मार्किंग नाही.

2025 पासून लेव्हल थ्रीत तीन पाथवेपैकी, म्हणजे स्पेशलायझेशनपैकी, एक घ्यावा लागते, कोणता सोपा ते विचारत बसू नको, तुझं काम ज्यात आहे तो घे.

ऑगस्टचा अटेम्प्ट असेल तर मे मधात येते, अन् नागपूरच्या उन्हात दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह्ज, फिक्स्ड इन्कमसारखे जड विषय पहाटेच. मॉक पूर्ण बसून दे, 2 तास 12 मिनिटांचे दोन सेशन, अन् उत्तरं दुसऱ्या कोणाकडून तपासून घे. पाठवशील तर मी पण पाहतो.