प्लास्टरचा पुडा फोडण्यापूर्वी एकदा मोरीकडे पाहावे

ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घरातच कोणत्या हस्तकलेत गुंतवावे, हा आपला प्रश्न काल रात्री वाचला तेव्हाच उत्तर लिहायला बसणार होते, पण हात आवरला. रागाच्या भरात लिहिले असते तर ते आपल्यापेक्षा माझ्या जुन्या घरमालकांनाच उद्देशून झाले असते. नांदेडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचे घर, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुले, अकरा ते पाच घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही, मोबाइल काढून घेतला की भांडण, आणि त्यावर उपाय म्हणून रबरी साचे आणि पाच किलोंचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पुडा आणून ठेवलेला. गाव आणि मुलांची वये बदलली तर हा माझाच २०१६ सालचा मे महिना आहे. कात्री कोणती घ्यावी, रद्दी कशी साठवावी, जमिनीवर काय अंथरावे, हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देते. मी कलाशिक्षिका नाही. दोन मुलांचे दहा-बारा उन्हाळे घरात काढलेली एक आई आहे, तेव्हा पुढचे सारे त्याच बेताने घ्यावे.

ते वर्ष मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आम्ही लातूरला नव्हतो, शेजारच्या एका जिल्ह्याच्या गावी होतो, पण नळाला आठ दिवसांनी पाणी येई आणि घरातली प्रत्येक बादली मोजलेली असे. अशा दिवसांत मुलांना गुंतवण्यासाठी मी जी वस्तू निवडली, तिला कालवायला पाणी लागते आणि आवरायला त्याच्या दसपट लागते, हे मला पुडा फोडेपर्यंत सुचले नाही. पहिले दोन दिवस अतिशय आनंदात गेले. मासे, शंख, गणपती, फुलपाखरे अशा पंधरा-वीस आकृत्या झाल्या. वाट्या, चमचे, साचे आणि मुलांचे कोपरापर्यंत माखलेले हात मी मोरीत धुतले आणि तळाशी उरलेले मिश्रण भरपूर पाणी घालून, म्हणजे माझ्या हिशोबाने पातळ करून, जाळीतून खाली सोडले. भरपूर म्हणजे दीड बादली. त्या मे महिन्यात दीड बादली पाणी वाया घालवल्याची टोचणी मला प्लास्टरपेक्षा जास्त होती.

चूक नेमकी कुठे झाली ते सांगते, कारण घरोघरी हाच समज आढळतो. प्लास्टर वाळून कडक होते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते पाणी शोषून कडक होते. जिप्सम नावाचे खनिज भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की ही पांढरी भुकटी मिळते, आणि तिला पुन्हा पाणी मिळाले की तिचे परत जिप्सम बनते. ही रासायनिक क्रिया असल्यामुळे प्लास्टर पाण्याखालीसुद्धा घट्ट बसते. वरून ओतलेल्या पाण्याने ते फार तर पुढे ढकलले जाते आणि जिथे पाइपला वळण असते तिथे तळाला बसून दगड होते. आधीच्या थराचे कण तिथे चिकटलेले असतील तर पुढचा थर आणखी लवकर घट्ट होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी पाणी नीट गेले, दुसऱ्या दिवशी रेंगाळले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचे पाणी घोट्यापर्यंत साचून राहिले.

यावर मी दुसरा मूर्खपणा केला. संडास धुण्याचे ॲसिड ओतले, मग उकळते पाणी ओतले. प्लास्टर तसूभरही हलले नाही, पण नंतर पाइप उघडायला आलेल्या प्लंबरला त्या साचलेल्या पाण्यात हात घालावा लागणार होता, आणि हे मी त्याला अगदी वेळेवर सांगितले म्हणून तो बचावला. त्याने तार घातली, पंप लावला, शेवटी फरशी फोडून वळणाचा पाइप कापून काढला. कापलेला तुकडा त्याने माझ्यासमोर जमिनीवर ठेवला, तर आत हाताच्या मनगटाएवढा पांढरा दगड होता आणि त्यात मुलाने मिश्रणात टाकलेली एक निळी टिकली अडकलेली होती. मजुरी आणि पाइप मिळून साडेचार हजार गेले. त्याचे मला दुःख नाही, चूक माझी होती. परंतु घर सोडताना घरमालकांनी, फरशी आम्ही आमच्या खर्चाने बसवून दिलेली असतानाही, ‘नव्या फरशीचा रंग जुळत नाही’ म्हणून अनामत रकमेतले बारा हजार कापून घेतले, आणि कसलीही पावती दिली नाही. करारात दुरुस्तीबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून भांडायला आधारही नव्हता. आपण भाड्याच्या घरात आहात म्हणून सांगते: आजच मोरीचा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकचा फोटो तारखेसह काढून ठेवा. प्रश्न हस्तकलेचा होता हे मला कळते, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पुडा वापरायचाच असेल तर माझ्या मते तीन गोष्टी पाळाव्यात आणि त्यांत कसलीही सूट देऊ नये. मिश्रण रबरी किंवा वाकणाऱ्या प्लास्टिकच्या वाटीत कालवावे, उरलेले तिथेच घट्ट होऊ द्यावे आणि मग वाटी दाबून तुकडे कचऱ्यात टाकावेत. दातांचे डॉक्टर याच कारणाने रबरी वाटी वापरतात, आणि घरी जुना रबरी चेंडू अर्धा कापला की तेच काम होते. हात आधी रद्दीने पुसून मग एका जुन्या बादलीत धुवावेत, बादली रात्रभर ठेवावी, वरचे पाणी सकाळी अंगणात किंवा रस्त्याकडेच्या मातीत ओतावे आणि तळाचा गाळ कचऱ्यात टाकावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हौसेने मुलाचा पंजा प्लास्टरच्या गोळ्यात खोल दाबून ठसा घेण्याचे व्हिडिओ फिरतात, ते कदापि करू नये. घट्ट होताना प्लास्टर तापते, आणि जाड थर असला तर भाजण्याइतके तापते. इंग्लंडमध्ये २००७ साली शाळेत असाच ठसा घेताना एका सोळा वर्षांच्या मुलीचे हात प्लास्टरमध्ये अडकले आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. एरवी कोरडी भुकटी पंखा बंद करून मोठ्या माणसाने ओतावी, मुलांनी तोपर्यंत दूर थांबावे.

आता त्याऐवजी काय करावे, हा आपला मूळ प्रश्न. त्या उन्हाळ्यानंतर मी एकच कसोटी ठेवली: पाणी कमी लागले पाहिजे, मोरीत काही जाता कामा नये आणि काम तीन-चार दिवस पुरले पाहिजे. अर्ध्या तासात संपणारी हस्तकला म्हणजे आईलाच काम, हे माझे ठाम मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरली ती कागदाच्या लगद्याची टोपली. आपल्या आजीने नक्की केलेली असणार. रद्दी बारीक फाडून रात्रभर भिजवायची, एका टोपलीला दोन तांबे पाणी पुरते. मूठभर मेथ्या वेगळ्या भिजवून वाटून त्यात मिसळायच्या. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही असे जुन्या बायका सांगत. लगदा मुलांनीच मळावा, त्यातच त्यांची एक दुपार जाते. पालथ्या पातेल्यावर जुने ओले फडके टाकून त्यावर लगदा थापायचा आणि गच्चीवर ठेवायचा. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत वाळायला चार-पाच दिवस लिहिलेले असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात दुसऱ्या दिवशी टोपली पातेल्यावरून सुटते. आपल्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा. पिळून निघालेले पाणी मात्र झाडांना घाला, कारण कागदाचे तंतूही पाइपमध्ये अडकतात. फुग्यावर कागद चिकटवून गोल करण्याच्या नादी लागू नये. दुपारी आतली हवा तापून फुगते आणि ओल्या कागदासकट फुगा फुटतो. माझे तीन फुटले.

कागद चिकटवायची खळ लागेल तेवढीच रोज शिजवावी, या उकाड्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. कोणी जाणते माणूस तीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायला सांगेल. बुकबाइंडर घालत असत हे खरे, परंतु ते विषारी आहे आणि सहा वर्षांचे मूल बोटे तोंडात घालते.

मातीकामाची हौस असेल तर शेतातली काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि जमिनीला भेगा पडतात तशाच तिच्या केलेल्या बैलांनाही पडतात. नऊ वर्षांच्या मुलाने सकाळी उठून आपल्या बैलाचे चार तुकडे पाहणे हा काही करमणुकीचा प्रकार नव्हे. तीत थोडा कागदाचा लगदा किंवा पिंजलेला कापूस मिसळावा आणि वस्तू उन्हात न ठेवता सावलीत, ओलसर फडक्याखाली सावकाश वाळवावी.

गावाकडून कोणी येणार असेल तर ज्वारीच्या कडब्याची एक पेंढी मागवून घ्या. चिपाडाची साल आणि आतले पांढरे भेंड यांची बैलगाडी आपल्या पिढीपर्यंत प्रत्येक पोराला येत होती. भेंडात सालीच्या पट्ट्या खोचत गेले की साटा, जू, चाके सगळे उभे राहते. खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे किंवा खराट्याच्या काड्या चालतात. पाण्याचा एक थेंब लागत नाही. सालीची धार ब्लेडसारखी असते, त्यामुळे सोलण्याचे काम आपण करावे आणि जोडण्याचे मुलांवर सोपवावे. माझ्या मुलाने एका आठवड्यात बारा गाड्यांची रांग केली होती आणि त्या आठवड्यात मोबाइलची आठवण त्याच्यापेक्षा मलाच जास्त झाली.

चिंच फोडून झाली असेल तर चिंचोके टाकू नका. खडबडीत फरशीवर एक बाजू पांढरी होईपर्यंत घासली की पटावरच्या खेळाचे फासे होतात. पट जुन्या लग्नपत्रिकेवर आखता येतो. बियांचा विषय निघालाच आहे तर सांगते, गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला कितीही सुंदर असल्या तरी माळा करायला आणू नयेत, दोन्ही जीवघेण्या विषारी आहेत. आणि घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर चिंचोकेही घशात अडकतील म्हणून नकोत.

सहा वर्षांच्या धाकटीसाठी एक अगदी सोपे: स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त रंगीत कागदावर किल्ली, पान, बांगडी ठेवून तो गच्चीवर दोन दिवस दगडांनी दाबून ठेवावा. उघड्या भागाचा रंग उडतो, झाकलेला तसाच राहतो. ती दर तासाला वर पाहायला जाईल, तेव्हा कागद सकाळी आठच्या आत ठेवावा आणि संध्याकाळी सहानंतरच पाहू द्यावा, हा नियम आधीच सांगून ठेवा.

राहिला आपला पाच किलोंचा पुडा. दुकानदार परत घेत नसेल तर तो तसाच ठेवून देऊ नका, पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात. रंगारी लोक भिंतीच्या भेगा बुजवायला तो वापरतात. माझा उरलेला दीड किलो मी शेजारी काम करणाऱ्या एका रंगाऱ्याला दिला, तर त्याने मुलांना दोन जुने ब्रश आणि डबाभर गेरू दिला, आणि त्याच गेरूने रंगवलेल्या टोपलीत आजही आमच्या घरी लसूण ठेवलेला असतो.